#धागा : ४६ दिवस, पाच माणसे आणि फुटलेली फळी

७ फेब्रुवारी २०२१ ची रात्र, फ्लोरिडातील टँपा शहर. अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, सुपर बोल, चौथ्या सत्रात पोहोचला आहे. कॅन्सस सिटी चीफ्स संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स चेंडू हातात धरून मागे मागे पळतो आहे. समोरची फळी फुटली आहे, प्रतिस्पर्धी त्याच्या पायांपर्यंत आले आहेत. तो कोसळतो आणि कोसळताना, शरीर जमिनीला जवळजवळ समांतर असताना, चेंडू फेकतो. चेंडू गोलरेषेपलीकडच्या सहकाऱ्यापर्यंत अचूक जातो, त्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आदळतो आणि खाली पडतो.

त्या फेकीची चित्रफीत जगभर फिरली. पाहण्याजोगे दृश्य मात्र तिच्या दोन सेकंद आधीचे आहे. ज्या पाच माणसांनी महोम्ससमोर भिंत म्हणून उभे राहायचे, ती भिंत त्या क्षणी उरलेलीच नव्हती.

चीफ्स तो सामना ३१–९ असे हरले. ईएसपीएनच्या नोंदीप्रमाणे फेकीसाठी मागे सरलेल्या ५६ प्रसंगांपैकी २९ वेळा महोम्सवर दडपण आले; सुपर बोलच्या इतिहासात इतके कोणावरही आले नव्हते. लीगच्या मोजणी यंत्रणेने आणखी एक आकडा दिला : चेंडू फेकण्यापूर्वी किंवा पाडला जाण्यापूर्वी तो त्या रात्री एकूण ४९७ यार्ड पळाला. म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, आणि बहुतांश उलट्या दिशेने किंवा आडवे.

त्यानंतरच्या सात महिन्यांत या संघाने आपली संपूर्ण आघाडीची फळी मोडून नवी उभी केली. १२ सप्टेंबर २०२१ रोजी नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा टँपात सुरुवात केलेल्या पाचांपैकी एकही जण सुरुवातीच्या पाचांत नव्हता. क्रीडालेखनात ही घटना ‘आदर्श पुनर्बांधणी’ म्हणून सांगितली जाते : हुशार व्यवस्थापकाने योजना आखली आणि ती तडीस नेली. घटनांचा क्रम तारखांसह मांडला की चित्र बरेच गुंतागुंतीचे दिसते. हा धागा त्या क्रमाचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचे काहीच उमगणार नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव थांबलेल्या स्थितीतून सुरू होतो. मधोमध बसलेला सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. याला स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेरच्या अंगाला दोन टॅकल. हे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, आक्रमणाची आघाडीची फळी. नावात ‘आक्रमण’ असले तरी चेंडू फेकायचा असतो तेव्हा या पाचांचे काम निव्वळ बचावाचे असते. समोरून दीडशे किलोंचे धटिंगण धावून येतात; त्यांना हाताने धरून ठेवण्याची मुभा नाही, केवळ ढकलायचे, अडवायचे, मागे सरकत सरकत वेळ काढायचा. किती वेळ? अडीच ते तीन सेकंद.

कबड्डी खेळलेल्यांना हे चटकन कळेल. चढाईपटूला घेरणाऱ्या साखळीत एकाने जरी पाऊल चुकवले, तरी बाकीच्यांचे बळ वाया जाते. फळीचेही तेच. टॅकल आणि गार्ड यांच्यासमोरचे दोन प्रतिस्पर्धी ऐनवेळी कैचीसारख्या वाटा बदलतात. त्या क्षणी एकाने आपला माणूस दुसऱ्याच्या हवाली करून दुसऱ्याचा माणूस उचलायचा असतो. हे शब्दांत सांगायला वेळच नसतो. शेजारच्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ते समजावे लागते, आणि ती समज महिनोन्‌महिने शेजारी उभे राहिल्यानेच येते. पाच उत्तम खेळाडू आणून उभे केले म्हणजे फळी तयार होते, असे नाही.

या पाच जागांचा इतिहास विलक्षण आहे, तो असा की त्यांना नोंदींत जागाच नाही. क्वार्टरबॅकला पाडणे, म्हणजे ‘सॅक’, याची वैयक्तिक नोंद लीगने १९८२ पासून अधिकृतपणे ठेवायला सुरुवात केली. पाडणाऱ्याचे नाव तक्त्यात येते. ज्याने शंभर वेळा वाचवले त्याच्या नावापुढे अधिकृत आकडा नसतो. किल्ल्याच्या इतिहासात किल्लेदार सापडतो, तटाचे दगड घडवणारा पाथरवट क्वचितच. तट ढासळला की मात्र तो कोणी बांधला होता याची चौकशी होते.

या अनाम जागांना किंमत आली ती दोन टप्प्यांत. १९७८ मध्ये नियम बदलला आणि फेकीच्या वेळी फळीतील खेळाडूंना हात लांब करून उघड्या तळव्यांनी अडवण्याची परवानगी मिळाली. फेकीचा खेळ वाढला, तशी फेकणाऱ्याची किंमत वाढली. मग १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याला पाडले आणि त्याचा पाय असा मोडला की त्याची कारकीर्द त्याच क्षणी संपली. उजव्या हाताने फेकणाऱ्याला फेकताना डावीकडचे, पाठीमागून येणारे संकट दिसत नाही. त्या आंधळ्या बाजूचा राखणदार म्हणजे लेफ्ट टॅकल. १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर मुक्तपणे संघ बदलण्याचा हक्क मिळाला आणि या राखणदाराचा बाजारभाव उघडपणे ठरू लागला. १९९४ पासून मात्र प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादाही आली. म्हणजे एका जागेवर पैसा ओतायचा तर दुसऱ्या जागेवरून काढावा लागतो. पुढची सारी कथा या मर्यादेच्या कुंपणात घडते.

आता टँपातील फळी फुटली कशी, ते पाहू. ती एका रात्रीत फुटली नव्हती.

वर्षभरापूर्वी, २ फेब्रुवारी २०२० रोजी, याच चीफ्सनी सॅन फ्रान्सिस्कोला ३१–२० असे हरवून पन्नास वर्षांनी सुपर बोल जिंकला होता. त्या दिवशीची फळी डावीकडून उजवीकडे अशी होती : एरिक फिशर, स्टेफन विस्न्युस्की, ऑस्टिन रायटर, लॉरों दुवेर्ने-तार्दिफ, मिचेल श्वार्ट्झ.

यातील दुवेर्ने-तार्दिफ हा माणूस स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतलेला हा गार्ड. जुलै २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे हंगामातून माघार घेणारा तो लीगमधील पहिला खेळाडू ठरला आणि मॉन्ट्रियल परिसरातील एका वृद्ध-रुग्णांच्या शुश्रूषागृहात कामाला गेला. त्याच साथीमुळे लुकस नियांग या नवख्या टॅकलनेही ते वर्ष सोडले. बदली म्हणून आणलेल्या केलेची ओसेमेलीचे दोन्ही गुडघे ऑक्टोबरात एकाच सामन्यात दुखावले. त्याच महिन्यात बफेलोविरुद्ध श्वार्ट्झची पाठ गेली. हा तोच श्वार्ट्झ, ज्याने कारकिर्दीच्या आरंभापासून सलग ७,८९४ स्नॅप एकही न चुकवता खेळण्याचा विक्रम केला होता. तरीही संघ जिंकत राहिला. साखळीत १४ विजय, २ पराभव. महोम्सचे पाय आणि हात फळीची उणीव झाकत होते. झाकलेली उणीव ही उघड उणिवेपेक्षा घातक असते, हे त्या महिन्यांत कोणाला जाणवले असेलच असे नाही. विजयी संघाला प्रश्न कोण विचारणार?

२४ जानेवारी २०२१. उपांत्य सामना, पुन्हा बफेलोविरुद्ध. चीफ्स जिंकत आले होते आणि शेवटच्या सत्रात लेफ्ट टॅकल फिशरच्या टाचेमागची शीर तुटली. अंतिम सामन्याला उरले होते दोन आठवडे.

मग जे केले ते उसनवारीचे होते. उजवीकडचा माइक रेमर्स डाव्या टोकाला नेला. गार्ड असलेला अँड्र्यू वायली उजव्या टोकाला सरकवला. त्याच्या जागी, हंगामाच्या मध्यावर परत बोलावलेला विस्न्युस्की. डाव्या गार्डच्या जागी निक अलेग्रेटी. मध्ये रायटर. पाचांपैकी तिघे नेहमीच्या जागेवर नव्हते. रेमर्सच्या नशिबाचा योगायोग तर कादंबरीत खपणार नाही असा : बरोबर पाच वर्षांपूर्वी, ७ फेब्रुवारी २०१६ रोजी, तो कॅरोलायनाचा राइट टॅकल म्हणून सुपर बोलमध्ये उतरला होता आणि डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने त्या सामन्यात त्यांच्या फळीची दाणादाण उडवून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता.

टँपा बेचे बचाव-प्रशिक्षक टॉड बोल्स यांनी हे सारे हेरले. एरवी क्वार्टरबॅकवर दडपण आणायला पाच-सहा जण धाडावे लागतात, मग मागची मैदानाची राखण विरळ होते आणि महोम्ससारखा खेळाडू तिथेच घाव घालतो. बोल्स यांनी बहुतेक वेळा चारच जण धाडले आणि उरलेले सात मागे ठेवले. चारांनी पाचांची भिंत फोडली. हिशेब तिथेच संपला.

ज्याच्याशी सात महिन्यांपूर्वी दहा वर्षांचा, कमाल ५० कोटी ३० लाख डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार केला होता, तो माणूस त्या रात्री दुखऱ्या पायाने जीव वाचवत पळत होता. काही दिवसांतच त्याच्या पायाच्या बोटावर शस्त्रक्रिया झाली. चीफ्सच्या कचेरीत त्या आठवड्यात काय बोलणे झाले असेल, त्याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

११ मार्च २०२१. चीफ्सनी फिशर आणि श्वार्ट्झ, दोघांनाही एकाच दिवशी मुक्त केले.

फिशर २०१३ च्या ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, आठ हंगाम संघाच्या फळीत उभा राहिलेला. संघाला अंतिम सामन्यात नेताना त्याची शीर तुटली आणि त्यानंतर ४६ दिवसांनी त्याची नोकरी गेली. निर्णयामागे आकडे होते. साथीमुळे प्रेक्षागारे ओस पडली, लीगचे उत्पन्न घटले आणि वेतनमर्यादा १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखांवर आली. दोघांना सोडल्याने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर मोकळे होत होते. दोघेही जायबंदी होते. हिशेबाच्या दृष्टीने निर्णयात खोट काढता येत नाही. तरीही या प्रकरणाची विजयगाथा सांगताना ही तारीख गाळली जाते, ते योग्य नाही. पुनर्बांधणीची पहिली कुदळ जुन्या भिंतीवरच पडते. फिशरला पुढे इंडियानापोलिसने घेतले. श्वार्ट्झ पुन्हा एकही सामना खेळला नाही.

व्यवस्थापक ब्रेट व्हीच यांच्यापुढे आता दोन्ही टोके रिकामी असलेली फळी होती. मुख्य प्रशिक्षक अँडी रीड हे स्वतः विद्यार्थिदशेत ब्रिगम यंग विद्यापीठाच्या फळीत खेळलेले आणि प्रशिक्षक म्हणून फळीच घडवत वर आलेले. फळीचे प्रशिक्षक अँडी हेक हेही माजी टॅकल. म्हणजे दुखणे कुठे आहे हे ठरवण्यासाठी वैद्य शोधावा लागला नाही.

चारच दिवसांत पहिली खरेदी झाली : न्यू इंग्लंडचा डावा गार्ड जो थुनी, पाच वर्षे, ८ कोटी डॉलर. पाच हंगामांत त्याने एकही सामना चुकवला नव्हता आणि दोन विजेतेपदे पाहिली होती. शांत, नेमका, कंटाळा यावा इतका विश्वासार्ह. फळीतील माणसाची याहून मोठी स्तुती नाही.

पण रिकामी होती ती डाव्या टोकाची जागा, आणि तिथे चीफ्सना हवा होता ट्रेंट विल्यम्स, त्या काळचा बहुधा सर्वश्रेष्ठ लेफ्ट टॅकल. बोलणी रात्री उशिरापर्यंत चालली. विल्यम्सने अखेर सॅन फ्रान्सिस्कोतच राहायचे ठरवले. सहा वर्षे, १३ कोटी ८० लाख डॉलर. चीफ्स हरले.

या नकारापाशी क्षणभर थांबायला हवे, कारण पुढचे जवळजवळ सगळे त्यातूनच निघाले.

मार्चअखेरचे चित्र फारसे आश्वासक नव्हते. निवृत्तीतून परतलेला गार्ड काइल लाँग एका वर्षाच्या करारावर आला. लॉस एंजेलिस रॅम्सचा सेंटर ऑस्टिन ब्लाइथ आला. रेमर्स आणि वायली यांना परत ठेवून घेतले. दुवेर्ने-तार्दिफ रुग्णालयाच्या जगातून मैदानाच्या जगात परतणार होता. डावे टोक मात्र रिकामेच.

त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावरच्या बाल्टिमोरमध्ये एक वेगळीच कोंडी झाली होती. तिथला ऑर्लँडो ब्राउन हा उजव्या टोकाचा टॅकल. २०२० च्या मध्यावर डावीकडचा खेळाडू जखमी झाला आणि ब्राउनला डावीकडे हलवले. तो तिथे उत्तम खेळला आणि हंगाम संपताच त्याने जाहीर केले की आपण लेफ्ट टॅकलच आहोत. बाल्टिमोरकडे त्या जागेसाठी दीर्घ कराराचा माणूस आधीच होता.

ब्राउनच्या हट्टामागे पैसा होताच, तो कोणीही नाकारला नाही. पण आणखीही काही होते. त्याचे वडील, त्याच नावाचे, याच लीगमध्ये टॅकल होते. १९९९ मध्ये पंचाने फेकलेला वजन घातलेला निशाणीचा रुमाल त्यांच्या डोळ्यावर बसला आणि तीन हंगाम बुडाले. मुलाने डाव्या टोकाला खेळावे ही त्यांची इच्छा होती. २०११ मध्ये ते वारले, तेव्हा मुलगा १५ वर्षांचा होता. २०१८ मध्ये ड्राफ्टपूर्व चाचण्यांत तो इतका संथ धावला की त्याची चेष्टा झाली आणि निवड तिसऱ्या फेरीपर्यंत लांबली. अशा माणसाला ‘तू उजवीकडेच बरा’ असे सांगणे सोपे नव्हते.

२३ एप्रिल २०२१ रोजी सौदा झाला. चीफ्सनी २०२१ च्या ड्राफ्टमधील आपली पहिल्या फेरीतील ३१ वी निवड, सोबत तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतील एकेक आणि पुढच्या वर्षीची पाचव्या फेरीतील एक निवड दिली. बदल्यात ब्राउन, ५८ वी निवड आणि पुढच्या वर्षीची सहाव्या फेरीतील एक निवड मिळाली. (ड्राफ्ट म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंचे वार्षिक वाटप, संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात आणि त्या पाळ्यांचीही देवघेव होते.)

आता ध्यानात घ्या. विल्यम्सने होकार दिला असता, तर ही देवघेव झालीच नसती आणि ती ५८ वी पाळीही चीफ्सकडे आली नसती.

ड्राफ्टची दुसरी फेरी ३० एप्रिलला झाली. ५८ व्या पाळीला चीफ्सनी निक बोल्टन हा बचावपटू उचलला. त्या वेळी ओक्लाहोमा विद्यापीठाचा सेंटर क्रीड हम्फ्री उपलब्ध होता आणि चीफ्सनी त्याला सोडून दिले. डावखुरा सेंटर, चेंडू डाव्या हाताने मागे देणारा, त्यामुळे क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू उलट्या फिरकीने येतो. ६२ व्या पाळीला ग्रीन बेची वेळ आली. त्यांना सेंटर हवाच होता. त्यांनी सेंटर घेतलाही, पण तो ओहायो स्टेटचा जॉश मायर्स. लगेच पुढची, ६३ वी पाळी चीफ्सची होती. हम्फ्री अजून तिथेच होता.

१ मे रोजी सहाव्या फेरीत, एकूण २५९ निवडींपैकी २२६ व्या जागी, चीफ्सनी टेनेसी विद्यापीठाचा गार्ड ट्रे स्मिथ घेतला. चार वर्षांपूर्वी शाळेतून बाहेर पडताना हा मुलगा देशातील सर्वांत नावाजलेल्या तरुण खेळाडूंपैकी एक होता. २०१८ मध्ये त्याच्या फुप्फुसांत रक्ताच्या गाठी सापडल्या. उपचार झाले, त्रास पुन्हा उद्भवला, तो पुन्हा उभा राहिला. सरावात अंगाशी अंग भिडवण्यावर बंधने घालून खेळत राहिला आणि तरीही आपल्या विभागाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. त्याच्या खेळाबद्दल संघांना शंका नव्हती. वैद्यकीय अहवालामुळे त्याचे नाव खाली खाली घसरत गेले. सहाव्या फेरीतील अनेक खेळाडू संघात टिकत नाहीत, म्हणून तिथे धोका पत्करणे परवडते. एवढेच त्या निवडीमागचे साहस.

म्हणजे मे महिन्याच्या आरंभी कागदावरची फळी साधारण अशी होती : ब्राउन, थुनी, ब्लाइथ, मग लाँग किंवा दुवेर्ने-तार्दिफ, आणि उजव्या टोकाला रेमर्स किंवा नियांग. हम्फ्रीला पहिल्याच वर्षी ब्लाइथशी झुंजावे लागणार होते आणि स्मिथ संघात टिकला तरी पुरे होते.

मग उन्हाळा आला. जूनमध्ये सरावात काइल लाँगचा पाय जायबंदी झाला. निवृत्तीतून परतलेला हा खेळाडू चीफ्सकडून एकही सामना खेळू शकला नाही. सराव शिबिरात दुवेर्ने-तार्दिफच्या हाताचे हाड मोडले. डॉक्टरकी करून परतलेला तो गार्ड जागेवर बसून पाहत राहिला आणि त्याच्या जागी २२६ व्या क्रमांकाचा स्मिथ उभा राहिला. दुवेर्ने-तार्दिफला ती जागा परत मिळालीच नाही. नोव्हेंबरात त्याची न्यू यॉर्क जेट्सकडे रवानगी झाली. मधल्या जागेवर हम्फ्रीने ब्लाइथला मागे टाकले. उजव्या टोकाला वर्षभर घरी बसलेला नियांग आला.

१२ सप्टेंबर २०२१, कॅन्सस सिटीचे ॲरोहेड मैदान, प्रतिस्पर्धी क्लीव्हलँड. डावीकडून : ब्राउन, थुनी, हम्फ्री, स्मिथ, नियांग. हम्फ्री, स्मिथ आणि नियांग यांचा हा लीगमधला पहिलाच सामना. मध्यंतराला १०–२२ असे पिछाडीवर असलेले चीफ्स ३३–२९ असे जिंकले. त्या हंगामात हम्फ्री आणि स्मिथ साखळीतील सर्व १७ सामन्यांत पहिल्यापासून खेळले.

यश लगेच आले, असे मात्र नाही. त्या वर्षी पहिल्या सात सामन्यांत चार पराभव झाले आणि जानेवारी २०२२ मध्ये उपांत्य सामन्यात सिनसिनाटीविरुद्ध २१–३ अशी आघाडी घालवून संघ जादा वेळेत २७–२४ असा हरला. नियांगचा गुडघा गेला आणि उजव्या टोकाला परत कोण आले? अँड्र्यू वायली. टँपात दाणादाण उडालेल्यांपैकी एक.

खरी परीक्षा १२ फेब्रुवारी २०२३ ला झाली. ॲरिझोनातील ग्लेन्डेल, पुन्हा सुपर बोल, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. ईगल्सनी त्या हंगामाच्या साखळीत प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना ७० वेळा पाडले होते. लीगचा सार्वकालिक विक्रम ७२ चा. महोम्सचा घोटा आधीच मुरगळलेला होता आणि मध्यंतरापूर्वी तो पुन्हा दुखावला. लंगडत बाहेर गेलेल्या माणसाला टँपासारखे साडेचारशे मीटर पळणे या वेळी शक्यच नव्हते. म्हणजे सारा भार ब्राउन, थुनी, हम्फ्री, स्मिथ आणि वायली यांच्यावर.

त्या रात्री ईगल्सनी महोम्सला किती वेळा पाडले? शून्य.

उत्तरार्धात चीफ्सच्या हाती चेंडू चार वेळा आला आणि चारही वेळा त्यांनी गुण केले. सामना ३८–३५ असा जिंकला. त्यात सात गुण असेही होते की ईगल्सच्या क्वार्टरबॅकच्या हातून निसटलेला चेंडू एका बचावपटूने उचलून ३६ यार्ड पळवत गोलरेषेपार नेला होता. तो बचावपटू निक बोल्टन. ब्राउनच्या सौद्यात आलेली ५८ वी पाळी.

या सगळ्यात व्हीच यांचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. फळीवर पैसा ओतायचा, एका जागेसाठी तीन-तीन माणसे आणून ठेवायची, नकार मिळाला तर दुसरे दार ठोठवायचे, हे त्यांनीच ठरवले. योगायोगाला उभे राहायला जागा त्यांनीच करून दिली. पण ‘मार्चमध्ये आखलेली फळी सप्टेंबरात उतरली’ हे विधान पुराव्यांपुढे टिकत नाही. उतरलेल्या पाचांपैकी मार्चमध्ये ठरवून मिळवलेला खेळाडू एकच होता, थुनी. ब्राउन नकारानंतरचा पर्याय, हम्फ्री दोनदा हुकता हुकता मिळालेला, स्मिथ दोन सहकाऱ्यांच्या दुखापतींमुळे वर आलेला.

फळ्या टिकत नाहीत. वेतनमर्यादा त्यांना टिकू देत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये ब्राउन चार वर्षांच्या ६ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर सिनसिनाटीला गेला, वायली वॉशिंग्टनला. पुढच्या वर्षीचा सुपर बोलही चीफ्सनी जिंकला. त्या सामन्यात जखमी थुनीच्या जागी टँपातील निक अलेग्रेटी उभा होता आणि कोपराचा अस्थिबंध फाटलेला असतानाही तो शेवटपर्यंत खेळला. त्यानंतर मात्र डावे टोक पुन्हा रिकामे पडत गेले. २०२४ च्या हंगामात त्या जागेवर एकामागून एक माणसे आजमावली, कोणी टिकेना, आणि अखेरीस गार्ड असलेल्या थुनीलाच डाव्या टोकाला सरकवले. तेच करणे, जे रेमर्स आणि वायलीच्या बाबतीत केले होते.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स. समोर पुन्हा ईगल्स. त्यांनीही बोल्स यांच्यासारखेच केले : जादा माणूस न धाडता आघाडीच्या चौघांवर काम सोपवले. महोम्स सहा वेळा पाडला गेला. मध्यंतराला ०–२४, अखेर २२–४०.

पुढच्या महिन्यात चीफ्सनी थुनीला एका ड्राफ्ट निवडीच्या बदल्यात शिकागोला दिले. एप्रिलमध्ये पहिल्या फेरीतील आपली ३२ वी निवड त्यांनी ओहायो स्टेटच्या जॉश सिमन्स या लेफ्ट टॅकलवर खर्च केली. त्याचा गुडघा आधीच्या ऑक्टोबरात जायबंदी झाला होता. आणि जुलैमध्ये, नव्या शिबिराच्या तोंडावर, त्यांनी एका गार्डशी चार वर्षांचा, ९ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला. तोवर या जागेच्या कोणत्याही खेळाडूला इतका मोबदला मिळाला नव्हता. १२ सप्टेंबर २०२१ च्या पाचांपैकी त्या दिवशी संघात दोघेच उरले होते : ६३ व्या पाळीचा क्रीड हम्फ्री आणि हा करार ज्याच्याशी झाला तो, २२६ व्या पाळीचा ट्रे स्मिथ.